पाईकराव मॅडमचा बैल

यंदाच्या पोळ्याला माझ्या फोनवर बैलांचा नुसता पूर आला. आता काय, फोनला सांगायचं बैल दे, की बैल हजर. अंगावर झूल, शिंगांना बेगड, मागं लालभडक सूर्य. एका बैलाला तर चांगले पाच पाय होते आणि तो रस्त्यावरून चालत नव्हता, घसरत होता. माझ्या मेहुण्यानं पाठवलेला. मी त्याला लगेच फोन लावला. म्हटलं, "अरे बाबा, पाठवायच्या आधी पाय तरी मोजत जा." तर तो म्हणतो, "दाजी, सणावाराचं काहून चिडून राहिले?"

चिडू नको तर काय करू? चार पायांचं काहीही चालताना दिसलं की माझे डोळे आधी खाली जातात. मागचा पाय कुठं पडतो, खांदा कधी उचलतो, मान कधी झुकते. ही खोड मला विमल पाईकराव मॅडमनी लावली. मॅडम जाऊन दोन वर्षं झाली. खोड काही गेली नाही.

मी कुरुंद्याचा. त्या काळी वसमतला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. तिशीत होतो, खांद्यावर कॅमेरा होता आणि गावात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. त्यातून एक चाळिशीची बाई उतरली. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मागं तिचा बाप, किसनआबा, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक डबा धरून बसलेला. लेकरू धरावं तसा धरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, बाई मला म्हणाली, "भाऊ, जरा हात लावा. मॉनिटर जड आहे." जड म्हणजे किती? तिघं लागलो आम्ही, आणि जिना चढता चढता माझ्या तोंडून दोन शिव्याही गेल्या. बाईनं ऐकल्या आणि म्हणाली, "शिव्या द्या, पण पायरीकडं बघून द्या."

तो डबा म्हणजे ग्राफिक्सचं वर्कस्टेशन. चित्र हलतं करायला बनवलेला कॉम्प्युटर. मॅडम हैदराबादला एका स्टुडिओत होत्या. हातानं देखावे रंगवायला लागल्या आणि मशिनी आल्यावर मशीन शिकल्या. पुढं स्टुडिओ बंद झाला. नव्या स्वस्त कॉम्प्युटरपुढं ह्या मशिनीला कुणी विचारीना, ती भंगारात निघाली. मॅडम म्हणाल्या, मला द्या. दिली. अशी ती वसमतला माझ्या दुकानावरच्या खोलीत आली.

त्या खोलीतली पहिली गंमत म्हणजे कॅलेंडर. चार वर्षं जुनं. मी आपला शेजारधर्म म्हणून नवं कॅलेंडर घेऊन वर गेलो तर मॅडमनी दारातच अडवलं.

"बालाजीभाऊ, ते आत आणू नका."

"काहून?"

"मशीनला साल कळलं तर बंद पडंल."

मला वाटलं बाईचा एखादा स्क्रू ढिला आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं लायसन ठरावीक मुदतीचं होतं. मुदत संपली, आणि ते बनवणारी कंपनीच उठून गेली. वाढवून द्यायला कुणी उरलं नाही. पण मशीनला मुदतीच्या आतली तारीख दिली की ते बिचारं निमूट चालायचं. वरून मशीनमधल्या घड्याळाची बॅटरी मेलेली. लाईट गेली की ते तारीख विसरायचं, आणि आमच्याकडं लाईट किती वेळा जायची ते काही विचारू नका. दर वेळी मशीन चालू करताना मॅडम कॅलेंडरपुढं उभ्या राहायच्या, आजची तारीख त्या जुन्या सालात शोधायच्या आणि मशीनला द्यायच्या. डिसेंबर संपला की त्याच सालाचा जानेवारी. आम्ही खाली म्हातारे होत होतो, वरच्या खोलीत साल हलत नव्हतं.

पोटासाठी त्या माझ्या कॅसेटींची नावं करून द्यायच्या. नवरानवरीचं नाव उडत येणार, गुलाब उमलणार. पण एक गुलाब करायला बाई आठ दिवस लावायच्या. मी वैतागायचो. "मॅडम, लग्नाच्या कॅसेटीत गुलाब बघतंय कोण? लोक आपापलं तोंड बघतात."

"मग गुलाब टाकता काहून?"

आता बोला!

'आधी पायानं, मग माऊसनं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काहीही चालवायचं असलं की आधी स्वतः चालून बघायचं. खोलीत जुन्या पेपरांची लांब पट्टी अंथरलेली असायची आणि बाजूला परातीत हळद. वसमतला हळदीला काय तोटा? येईल त्यानं तळव्याला हळद लावून पेपरावरून चालायचं, मग मॅडम पट्टी घेऊन ठसे मोजायच्या. दूधवाला चालला, लाईनमन चालला, मी चाललो. माझे ठसे बघून म्हणाल्या, "तुमचा डावा पाय जास्त दाबतो. उजव्या खांद्यावर कॅमेरा असतो ना, त्याला तोलून धरता. आत्ता कॅमेरा नाही तरी धरताय." घरी येऊन मी बायकोला चालून दाखवलं. ती म्हणाली, "ह्ये तर मला लग्नापासून ठावं हाय."

हे सगळं कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मी सरळच विचारलं.

"बैल करायचाय मला," मॅडम म्हणाल्या. "चालता."

किसनआबा शिरड शहापूरला चाळीस वर्षं सालगडी होते. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बैलांमागं चालले. पोळ्याला बैल धुवायचे, रंगवायचे, सजवायचे आबांनी, आणि मिरवायचे मालकानं. आबांच्या दावणीला स्वतःचा बैल कधी उभा राहिला नाही.

"मग आता बाजारातनं घ्या की एक," मी म्हटलं.

"आता त्यांच्यानं वैरणपाणी होत नाही. हा बैल वैरण खात नाही, बालाजीभाऊ. आणि वेळ पण नाही."

वेळ नव्हता, कारण आबांना काचबिंदू होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस राहील त्याचा भरवसा नाही. आबांना दिसतंय तोवर बैल चालला पाहिजे, आणि आबांनी त्याला बैल म्हटलं पाहिजे. मॅडमना बस एवढंच पाहिजे होतं. पण त्यासाठी बाई हटूनच बसली होती.

पहिला बैल मी पाहिला. मीच माझा टीव्ही वर नेला होता, त्यावर दाखवायला. काय सुरेख बैल! वशिंड, गळ्याची पोळी, शिंगं, सगळं जागच्या जागी. मी तर टाळी वाजवली. आबा टीव्हीच्या एकदम जवळ बसले, नाक काचेला टेकेल इतके. बघितलं, बघितलं, आणि म्हणाले, "इमल, ह्ये घोडं हाय."

"आबा, वशिंड आहे त्याला."

"आसंल. घोड्यानं बैलाचं कातडं पांघरलंय. पाय बघ की."

मॅडमचं तोंड उतरलं. आणि मग एकाएकी त्या हसायलाच लागल्या. स्टुडिओतून त्यांनी एक जाड परदेशी पुस्तक आणलं होतं, जनावरांच्या चालीच्या फोटोंचं. त्यात बैल नव्हता म्हणून घोड्याची चाल घेऊन बैलाला लावली होती! हैदराबादेत कुणाला कळलं नसतं. चाळीस वर्षं बैलाच्या मागून चाललेल्या माणसाला कळलं. "ह्याच्या खांद्यावर वजनच न्हाई," आबा म्हणाले. "रिकामा बैल येगळा चालतो, जुंपलेला येगळा. माझा बैल मी रिकामा काहून हिंडवीन?"

मॅडमनी त्याच दिवशी तो बैल पुसून टाकला. पुसला म्हणजे पुसलाच. मी म्हटलं, राहू द्या की, लग्नाच्या कॅसेटीत घालू. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पायऱ्या उतरून खाली आलो.

मग आम्ही शिरडला गेलो. आबांच्या जुन्या मालकाच्या पोरानं बैलजोडी दिली. ट्रॅक्टर आला होता तरी एक जोडी त्यानं ठेवली होती. जू घातलं, वजनासाठी मागं लाकडाचा ओंडका बांधला. मॅडमनी हळद पाण्यात कालवून डाव्या बैलाच्या चारी खुरांना लावली आणि त्याच्या वाटेवर पांढरी धोतरं अंथरली. धोतरं होती दोनच, म्हणून उजव्याला सोडून दिलं. मी डाव्या अंगानं कॅमेरा लावून बसलो. आता बैल हाकायचा, एवढ्यात गल्लीतल्या तीन बाया ताट घेऊन आल्या. खुरांना हळद, खाली धुतलेली धोतरं! त्यांना दुसरं काय वाटणार?

"कंचा सण हाय वो आज?" म्हणत पहिलीनं तांब्या उचलला. मॅडम ओरडल्या, "अहो मावशी, पाय धुऊ नका! पाय नका धुऊ!" पण मावशीनं पूजेच्या रीतीनं चारी खुरांवर भरभरून पाणी ओतलं. धा मिनिटांची मेहनत मातीत वाहून गेली. दुसरीनं कुंकू लावलं, तिसरीनं ओवाळलं, आणि बैलाला पुरणपोळी नाही म्हणून भाकर चारली. मी कॅमेऱ्यामागं हसून हसून लोळायच्या बेतात. मॅडमनी ओवाळणं होऊ दिलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "ओवाळून झालं? आता परत हळद लावू. मावशी, तुम्ही पण या, एक खूर तुमचा." चार खूर, चौघी बाया. त्या दिवशी बैल सहा वेळा त्या धोतरांवरून चालला आणि प्रत्येक फेरीला आबा ओंडक्याच्या मागून चालले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ती हळदीची धोतरं मॅडमनी खोलीच्या भिंतीवर टांगली. समोर माझं शूटिंग एकेक चित्र थांबवून बघायच्या. तीन महिने. आधी नुसत्या रेघांचा बैल, तारेनं विणल्यासारखा. तो पडद्यावर लगेच चालायचा. मग त्याला कातडं, रंग, सावली द्यायची, आणि तिथं मशीनची दमछाक व्हायची. एक फ्रेम काढायला बारा मिनिटं. आणि चालीच्या एका सेकंदाला अशा पंचवीस फ्रेम लागतात. बारा सेकंदांचा बैल म्हणजे तीनशे फ्रेम. लाईट गेली की चालू फ्रेम मेली, तीच पुन्हा. मॅडम भिंतीवर खडूनं आकडा लिहायच्या: इथपर्यंत आलो.

आकडा एकशे सत्त्याऐंशीवर असताना आबांना तपासणीला नांदेडला न्यायचं होतं. मला चावी देऊन म्हणाल्या, "लाईट आली की फक्त चालू करा. तारीख द्या, बटण दाबा, बाकी ते करतं."

दुपारी लाईट आली. मी वर गेलो, मशीन चालू केली, तिनं तारीख विचारली, आणि मी आजची तारीख दिली. खरीखुरी, ह्या सालातली. दिवसभर पावत्यांवर लिहितो तीच. हात सवयीनं चालला आणि माझ्या ध्यानातही आलं नाही. पडद्यावर एक ओळ आली आणि सॉफ्टवेअर बंद. मग मी कॅलेंडरकडं बघितलं. घाईघाईनं जुनी तारीख दिली. उपयोग नाही. मुदत संपलेली एकदा दिसली की ते स्वतःला कुलूपच लावून घेत होतं.

संध्याकाळी मॅडम आल्या. मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि बुटाची लेस उगाच सोडून परत बांधली.

"बालाजीभाऊ, तुम्ही त्याला खरं तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मीच इतकी वर्षं खोटं बोलून राहिले."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला. डाव्यानं मधलं मधलं दिसतंय, अजून काही आठवडे." मला तिथंच रडू आलं. लाज कसली सांगायची, आलं. आबा दाराशी बसले होते. ते म्हणाले, "रडून काय व्हतंय? बैलाला घाई केली की ठेच लागती. बसू द्या तिला."

आणि ती बसली. निघालेल्या फ्रेम टेपवर उतरवून ठेवलेल्या होत्या, हे नशीब. मशीन पूर्ण पुसायची, जुन्या टेपांवरून सॉफ्टवेअरसकट सगळं नव्यानं बसवायचं. टेपा वाचताना अडायच्या. मॅडम कापसाच्या बोळ्यानं टेपच्या यंत्राचं तोंड पुसायच्या, टेप गुंडाळून परत लावायच्या, परत अडली की परत. नऊ दिवस. एकदाही 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत. मी शूटिंगचा जनरेटर आणून त्यांच्या गॅलरीत लावला आणि त्या आठवड्यातलं लग्न दुसऱ्या शूटिंगवाल्याला देऊन टाकलं. दहाव्या दिवशी भिंतीवर एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं गेलं. आकडा मी लिहिला. मॅडमनीच खडू माझ्या हातात दिला.

तीनशे झाल्यावर परत टीव्ही वर गेला. आबा परत काचेला नाक लावून बसले. डोकं हळूहळू फिरवत, एका बारीक फटीतून बघावं तसे. खांदा, मग मान, मग पुढचा पाय, मग मागचा. बैल बारा सेकंद चालायचा आणि परत पहिल्यापासून चालायचा. मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या, हातात पदराचं टोक. आबांनी जिभेनं टक् टक् असा आवाज काढला. बैल हाकायचा. त्यांचा पाय जमिनीवर हलायला लागला.

"कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच आहे, आबा."

"माझा?"

"तुमचा."

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला तो थांबला नाही. पुसताना बैल दिसला नसता. मग म्हणाला, "ह्यो डाव्या अंगाचा बैल हाय. ह्याचा जोडीदार कुठाय? एकट्यानं किती वढावं त्यानं?"

मॅडमनी नाक पुसलं, वहीचं कोरं पान काढलं आणि त्यावर लिहिलं: उजवा.

पण उजव्याची चाल कुठं होती? हळद डाव्यालाच लावलेली. ठसे नाहीत, आणि माझ्या शूटिंगमध्ये उजव्याचे पाय डाव्याच्या आड गेलेले. आबांना विचारून विचारून, अंदाजानं, मॅडम एकेक पाऊल बसवत गेल्या. ते काम चालू असतानाच आबांची उरलेली नजर गेली. मला वाटलं, आता थांबतील. कुणासाठी करायचं? मी तसं बोललोही. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी जोडी मागितली होती, बालाजीभाऊ. बघायला मागितली असं कुठं म्हणाले?"

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी तिळाचे लाडू द्यायला वर गेलो. पडद्यावर रेघांचे दोन बैल एका जुवाखाली चालत होते. आबा खाटेवर बसलेले, मॅडम त्यांच्या शेजारी, नजर पडद्यावर. त्यांचा डावा हात आबांच्या डाव्या गुडघ्यावर, उजवा उजव्यावर. डाव्या बैलाचं पाऊल पडलं की डाव्या हाताचं एक बोट पडायचं, उजव्याचं पडलं की उजव्या हाताचं. दोन बोटं पुढच्या पायांची, दोन मागच्या. आठ बोटं, आठ पाय. मी लाडवाचा डबा हातात धरून दारातच उभा राहिलो. आबा मान खाली घालून बघत होते. हो, बघतच होते, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

"थांब," आबा म्हणाले. "डावा बराबर हाय. उजवा मागं पडून राहिला. जू वाकडं व्हतंय बघ."

मॅडम उठल्या, चाल थांबवली, एकेक फ्रेम पुढं नेत मोजली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चार फ्रेम मागं आहे." आणि खुर्ची ओढून बसल्या. बसल्या आणि लाईट गेली. पडदा काळा. जनरेटर तेव्हा लग्नाला गेलेला.

"आबा, लाईट गेली. आली की सरळ करते. तास दोन तास लागतील, तुम्ही आडवे व्हा."

"बैल जुंपलेले उभे ठेवून मी कुठं आडवा होऊ?" आबा म्हणाले. "हाय मी. तू कर."

त्या दोघांना एकत्र पाहिलं ते शेवटचं. पुढच्याच आठवड्यात माझं दुकान नांदेडला हललं, आणि उन्हाळ्यात आबा गेल्याचं कळलं. पण त्या दुपारी मी लाडू ठेवून थोडा वेळ बसलो होतो. पाऊण तासानं पंखा फिरायला लागला. मी निघालो. दारातून मागं बघितलं तर आबा दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर घट्ट धरून ताठ बसले होते, आणि मॅडम त्या जुन्या कॅलेंडरपुढं उभ्या राहून, बोट फिरवत, आजची तारीख शोधत होत्या.